अणदूरचे मूल आणि वाङ्मयप्रकारांचा पहिला पाठ

प्राथमिक शाळेतील मुलास वाङ्मयप्रकार व्याख्येने शिकवावे की वाचनाने, हा प्रश्न मराठी क्रमिक पुस्तकांइतकाच जुना आहे. मेजर कँडी यांच्या पुस्तकांत बोध प्रधान होता. आचार्य अत्रे यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने रसास्वादास अग्रस्थान दिले. हा पालट मुंबई इलाख्यातील होय. अणदूर तेव्हा निजामी राज्यात होते. तेथे १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू असल्याने मराठी शाळेची वाट उच्च शिक्षणापर्यंत पोहोचत नव्हती. १९५६ मध्ये हा प्रदेश मुंबई राज्यात आला. १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाल्यावर साऱ्या महाराष्ट्रासाठी समान पुस्तके क्रमाक्रमाने तयार झाली.

परंतु अणदूरचे मूल शाळेत रिक्तहस्ते येत नव्हते. येथील खंडोबाचा मुक्काम वर्षात अणदूर व नळदुर्ग असा आलटून पालटून असतो. खंडोबाच्या जागरणात गीत, कथा व संवाद एकत्र नांदतात. जात्यावरच्या ओवीत आत्मकथन असते. पुस्तकाने हे प्रकार निरनिराळे करून त्यांना नावे दिली. मात्र सर्व जिल्ह्यांसाठीच्या पुस्तकास प्रत्येक गावाच्या परंपरेकडे बोट दाखविणे शक्य नव्हते. ते कार्य शिक्षकाचेच. ऐकलेल्यापासून वाचलेल्याकडे पाठ गेला, तरच व्याख्या ही घोकंपट्टी न राहता ओळख ठरेल.