विक्रम अग्निबाणांचे नागपुरी इंधन

खासगी कंपनीने बनविलेला देशातील पहिला अग्निबाण, 'विक्रम-एस', १८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोटा येथून झेपावला आणि हैदराबादच्या स्कायरूट एरोस्पेस कंपनीचे नाव देशभर झाले. या कंपनीची घन इंधनाची पहिली चाचणी त्यापूर्वी दोन वर्षे नागपुरात झाली होती. त्याची दखल मात्र फारशी घेतली गेली नाही.

स्कायरूटचे सहसंस्थापक व मुख्य कार्यकारी अधिकारी पवनकुमार चंदना हे खरगपूर आयआयटीचे यंत्र अभियंता. 'इस्रो'च्या तिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अवकाश केंद्रात त्यांनी जीएसएलव्ही मार्क-३ या वजनदार प्रक्षेपकावर काम केले. ती नोकरी सोडून २०१८ मध्ये त्यांनी 'इस्रो'तीलच अभियंता नागा भरत डाका यांच्यासह कंपनी स्थापन केली. अवकाश क्षेत्र खासगी उद्योगांना खुले करण्याचा केंद्राचा निर्णय झाला तो जून २०२० मध्ये. म्हणजे दोन वर्षे ही मंडळी जवळजवळ भरवशावरच काम करीत होती.

अग्निबाणाचा आराखडा संगणकावर होतो. इंधनाचे तसे नाही. अमोनियम परक्लोरेट, अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आणि रबरासारखा बंधक यांचे मिश्रण मोटारीच्या कवचात ओतून ते घट्ट होऊ द्यावे लागते. त्यात एखादी भेग वा हवेचा बुडबुडा राहिला, तर जळणारा पृष्ठभाग एकाएकी वाढतो, दाब चढतो आणि मोटार फुटू शकते. एकदा पेटलेले घन इंधन मध्येच विझविताही येत नाही. असे काम करण्यास परवाना, मोकळी जागा आणि स्फोटके हाताळणारे सरावलेले हात हवेत.

नागपुरात हे तिन्ही होते. बल्लारशा येथे स्फोटकांच्या व्यापारापासून सुरुवात करणारे सत्यनारायण नुवाल यांनी १९९५ मध्ये सोलर इंडस्ट्रीज उभारली. ते स्कायरूटचे सुरुवातीचे गुंतवणूकदार झाले. सोलरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज या उपकंपनीत डिसेंबर २०२० मध्ये 'कलाम-५' या लहान मोटारीची चाचणी यशस्वी झाली. मोटारीचे कवच पोलादाऐवजी कार्बन तंतूंचे होते. मे २०२२ मध्ये सोलरच्याच चाचणी केंद्रात 'कलाम-१००' ही मोटार १०८ सेकंद जळली. उपग्रह कक्षेत नेण्यासाठी आखलेल्या 'विक्रम-१' अग्निबाणाचा हा तिसरा टप्पा. दुसऱ्या टप्प्याच्या 'कलाम-२५०' मोटारीची चाचणी मार्च २०२४ मध्ये श्रीहरिकोटा येथे झाली. तिच्यातील इंधनावरील प्रक्रियाही नागपूरचीच.

या उद्योगाची दुसरी बाजूही नागपूरकरांनी पाहिली आहे. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगाव येथील सोलरच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात सहा महिलांसह नऊ कामगारांचा मृत्यू झाला. अग्निबाणाच्या कामाशी त्या दुर्घटनेचा संबंध नव्हता. पण गौरवाच्या बातम्यांत हा धोका विसरला जाऊ नये.

नागपूरच्या वाट्यालाही मर्यादा आहे. 'विक्रम-१'च्या पहिल्या टप्प्याच्या 'कलाम-१२००' या सुमारे ११ मीटर लांबीच्या मोटारीत ३० टन इंधन मावते. ते भरण्याचे काम श्रीहरिकोटा येथील 'इस्रो'च्या इंधन प्रकल्पात झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तेथेच तिची चाचणी घेण्यात आली.