पापणीचे वार्धक्यजन्य अंतर्वलन

उतारवयात खालच्या पापणीची कडा डोळ्याच्या दिशेने आत वळते, या विकृतीस वार्धक्यजन्य अंतर्वलन म्हणतात. कडा आत वळल्यामुळे पापणीचे केस व त्वचा प्रत्येक उघडझापीबरोबर स्वच्छमंडलावर (बुबुळापुढील पारदर्शक पटलावर) घासतात. डोळ्यात खुपणे, लाली व सतत पाणी गळणे ही प्रारंभीची लक्षणे होत. उपेक्षा झाल्यास स्वच्छमंडलावर व्रण होऊन त्यात जंतुसंसर्ग होतो व फूल पडून दृष्टी अधू होते. केस उपटल्याने तात्पुरता आराम पडतो. परंतु ते पुन्हा उगवतात आणि कडेची दिशा तशीच राहते. म्हणून शस्त्रक्रिया हाच या विकृतीवरील खरा उपचार होय. या शस्त्रक्रियेचा इतिहास मुख्यतः दोष पापणीच्या कोणत्या थरात आहे, या शोधाचा इतिहास आहे.

प्राचीन व मध्ययुगीन काल : आत वळलेल्या केसांवरील उपचार ईजिप्तमधील एबर्स पपायरसात (इ. स. पू. सु. १५५०) आढळतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘पक्ष्मकोप’ या नावाने अशा विकाराचे वर्णन असून तो याप्य, म्हणजे पूर्ण बरा न होणारा परंतु उपचाराने आटोक्यात राहणारा, मानलेला आहे. भुवई व पापणीचे केस यांमधील त्वचेचा यवाच्या आकाराचा तुकडा कापून काढावा, जखम केसाने शिवावी व कपाळावर पट्ट बांधून टाक्यांची टोके त्याला जोडावीत, असा विधी तेथे सांगितला आहे. तेवढ्याने गुण न आल्यास अग्नी वा क्षार यांनी डाग देण्याचा पर्याय दिला आहे. रोमन ग्रंथकार सेल्सस (इ. स. पहिले शतक) व ग्रीक वैद्य पॉल ऑफ ईजायना (सातवे शतक) यांनीही त्वचाछेदनाचेच वर्णन केले आहे. स्पेनमधील अरब शल्यविशारद अल् झहरावी यांनी पापणीची जादा त्वचा बोरूच्या दोन कामट्यांत आवळून ती निर्जीव होऊन गळून पडेपर्यंत तशीच ठेवण्याची पद्धत नोंदविली आहे.

या वर्णनांत खुपरीमुळे पडलेल्या वणांनी आत वळलेली पापणी व वार्धक्याने आत वळलेली पापणी असा स्पष्ट भेद केलेला नाही. पहिला प्रकार मुख्यतः वरच्या पापणीत, तर दुसरा खालच्या पापणीत आढळतो. [⟶ खुपरी].

एकोणिसावे शतक व त्यानंतर : फ्रान्समध्ये १८४० नंतरच्या दशकात गायार यांनी पापणीतून टाके घालून कडा बाहेर खेचण्याची पद्धत मांडली. जर्मनीत आल्ब्रेख्त फोन ग्रेफ (१८२८–७०) यांनी १८६४ मध्ये खालच्या पापणीवरील त्वचेचा त्रिकोणी तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया वर्णिली. व्हिएन्ना येथे कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये कोकेनचा स्थानिक संवेदनाहरणासाठी उपयोग दाखविला. त्यामुळे वृद्ध रुग्णास बेशुद्ध न करता डोळ्यावर शस्त्रक्रिया करणे शक्य झाले. अमेरिकेत झिग्लर यांनी १९०९ मध्ये विद्युत् प्रवाहाने तापविलेल्या तारेने पापणीत ओळीने डाग देण्याची पद्धत प्रसृत केली. या बहुतेक उपायांत त्वचा आखडून कडा बाहेर ओढली जाई. परंतु त्वचा पुन्हा सैल झाली, की विकृती परत उद्भवे. उलट त्वचा अधिक काढली गेल्यास पापणी बाहेर वळून डोळा उघडा पडे.

विकृतीची मीमांसा : पापणी मिटणाऱ्या वर्तुळाकार स्नायूच्या पेटक्याने हे अंतर्वलन होते, असे दीर्घ काळ मानले जाई, त्यामुळे त्यास ‘आकर्षजन्य’ हे नाव पडले होते. अमेरिकन नेत्रविशारद लेस्टर जोन्स यांनी १९६० च्या सुमारास खालच्या पापणीच्या शारीराचा अभ्यास करून निराळा उलगडा केला. खालच्या पापणीतील तंतुमय पट्ट वरच्या पापणीतील पट्टापेक्षा पुष्कळच अरुंद, सु. ४ मिमी. उंचीचा असतो. त्याची खालची कडा अधोकर्षक प्रावरणीने खाली व मागे धरून ठेवलेली असते, तर त्याची दोन्ही टोके कंडरांनी नेत्रकोटराच्या कडांना बांधलेली असतात. वयोमानाने ही प्रावरणी सैल होते वा सुटते, कंडरा शिथिल होतात आणि वर्तुळाकार स्नायूचा खालचा भाग कडेकडे वर सरकतो. परिणामी पट्टाची खालची कडा बाहेर व वरची कडा आत कलते. दोष त्वचेत नसून तिच्यामागील आधारांत आहे, हे यामुळे स्पष्ट झाले.

आधुनिक शस्त्रक्रिया : वाइस यांनी १९५० नंतरच्या दशकात पापणी आडवी आरपार छेदून ती कडा बाहेर वळवील अशा टाक्यांनी जोडण्याची पद्धत दिली. तिचे लेखन ‘आकर्षजन्य’ या जुन्याच नावाखाली झाले होते. परंतु तिच्या यशाचे कारण पुढे जोन्स यांच्या मीमांसेने कळले. छेदाचा वण स्नायूला वर सरकू देत नाही आणि टाक्यांमुळे अधोकर्षकांची ओढ कडेपर्यंत पोहोचते. याच तत्त्वावर आधारलेली शस्त्रक्रिया खुपरीमुळे वळलेल्या वरच्या पापणीसाठीही वापरली जाते. १९७१ मध्ये क्विकर्ट व रॅथबन यांनी केवळ टाक्यांनी करावयाची सुटसुटीत पद्धत प्रसिद्ध केली. १९७९ मध्ये अँडरसन व गॉर्डी यांनी पट्टाच्या बाहेरील टोकाची पट्टी करून ती नेत्रकोटराच्या कडेवरील अस्थी-आवरणास शिवण्याची पद्धत वर्णिली. तिने पापणीचा आडवा सैलपणा दूर होतो. अधोकर्षक प्रावरणी उघडून ती पट्टास पुन्हा शिवणे हा तिसरा मार्ग होय.

केवळ टाके व टाक्यांबरोबर पट्टी घट्ट करणे यांची तुलना करणारी यादृच्छिक चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत केवळ टाके घातलेल्यांपैकी सु. एक-पंचमांश रुग्णांत दीड वर्षात विकृती परतली, तर संयुक्त शस्त्रक्रियेनंतर ती परतली नाही. त्यामुळे सामान्यतः दोन्ही दिशांचा सैलपणा एकाच वेळी दूर करणे इष्ट समजले जाते. तथापि अंथरुणास खिळलेल्या वा अतिदुर्बल रुग्णांसाठी टाक्यांची पद्धत अद्याप उपयुक्त ठरते. ती थोड्या वेळात, खाटेवरच करता येते आणि गरज पडल्यास पुन्हा करता येते. शस्त्रक्रियेस विलंब होणार असल्यास पापणी चिकटपट्टीने खाली ओढून ठेवणे, स्निग्ध मलम लावणे किंवा बोट्युलिनम विषाचे अंतःक्षेपण करणे या उपायांनी मधल्या काळात स्वच्छमंडलाचे रक्षण करतात.