घड्याळाची घरघर

तर झालं असं की, बाबांचं जुनं सिटिझन ऑटोमॅटिक मी डोंबिवलीत स्टेशनजवळच्या एका घड्याळवाल्या काकांकडे सर्व्हिसिंगला दिलं. बाबा गेल्यापासून ते कपाटातच पडून होतं. आठवड्याने घेऊन आलो. लोकलच्या गोंगाटात काही कळलं नाही, पण रात्री घरात सामसूम झाल्यावर हात हलवला आणि... घर्रर्र! पुन्हा हलवला, पुन्हा घर्रर्र. मनगटालासुद्धा हलकी थरथर जाणवली.

बाबांच्या हातातलं घड्याळ मी लहानपणापासून पाहिलेलं. असा आवाज कधीच नव्हता. म्हणजे काकांनी नक्की काहीतरी सैल ठेवलं! सकाळी जाऊन भांडायचं ठरवलं. पण भांडायला आधी माहिती हवी, म्हणून वाचत बसलो, आणि रात्र कशी गेली कळलं नाही.

चावी न देता चालणाऱ्या घड्याळाची कल्पना मनगटी घड्याळापेक्षा जुनी आहे. अठराव्या शतकात, १७७०च्या दशकात, स्वित्झर्लंडमधल्या अब्राहम-लुई पेर्ले यांना तिचं श्रेय देतात. तेव्हा घड्याळ खिशात असायचं. खिशातलं घड्याळ हलतं ते कितीसं? त्यामुळे ही युक्ती फारशी रुजली नाही.

पहिल्या महायुद्धात घड्याळ मनगटावर आलं. जॉन हारवूड या इंग्रज कारागिराच्या लक्षात आलं, की धूळ आणि दमट हवा आत शिरते ती चावीच्या भोकातून. मग चावीच नको! १९२४ मध्ये त्याला स्विस पेटंट मिळालं. त्याच्या घड्याळात एक वजन मागेपुढे झुलायचं आणि दोन्ही टोकांना स्प्रिंगवर आपटायचं. म्हणजे ऑटोमॅटिक मनगटी घड्याळ जन्मलं तेच मुळी ठकठक करत. मंदीत, १९३१ मध्ये, हारवूडची कंपनी बुडाली. त्याच वर्षी रोलेक्सने पूर्ण गोल फिरणारा रोटर आणला आणि ती ठकठक थांबली.

पण नवा पेच आला. हात कसाही हलतो, त्यामुळे रोटर दोन्ही दिशांना फिरतो. मेनस्प्रिंग मात्र एकाच दिशेने गुंडाळायची असते. यावर दोन उपाय निघाले. एक, मधे दिशा पालटणारी चाकं बसवायची, म्हणजे दोन्ही फेऱ्या कामी येतात. १९४२ मध्ये फेल्सा या स्विस कंपनीने तसं केलं. दुसरा उपाय साधा आणि स्वस्त: एका दिशेला चावी भरू द्यायची, दुसरीला रोटर मोकळा सोडायचा. सिटिझनची गाजलेली ८२०० मालिका अशीच आहे. मोकळ्या दिशेला रोटरवर भारच नसतो, मग तो भिंगरीसारखा फिरतो. घर्रर्र ते हेच!

आपल्याकडे सिटिझन आलं ते एचएमटीच्या हातात हात घालून. १९६१ मध्ये त्यांच्या सहकार्याने बंगळूरला कारखाना सुरू झाला आणि घरोघरी 'जनता' पोचलं. रोज सकाळी चावी द्यायची, हा तेव्हाचा नेम. ऑटोमॅटिक ही चैन होती. एचएमटीचं 'कांचन' लग्नात मिळायचं, नाहीतर आखातातून कुणीतरी आणायचं. आमच्याकडे मामाने कुवेतहून आणलं. बाबांची नोकरी ठाण्याला. आमच्या कल्याण-डोंबिवलीकडे कुणी 'पावणेआठला निघतो' म्हणत नाही, 'सात त्रेपन्न पकडतो' म्हणतो. त्या घड्याळाची रोजची चावी म्हणजे बाबांची ती धावपळच.

सकाळी काकांकडे गेलो, पण भांडायला नाही. तरी शंका होतीच. रोटरचा स्क्रू सैल असेल किंवा बेअरिंग झिजलं असेल, तर रोटर झाकणाला घासतो. तो आवाज खरखरीत येतो आणि झाकणाच्या आत गोल चकचकीत ओरखडे दिसतात. (दोन्ही दिशांनी भरणाऱ्या घड्याळाला हाताने चावी देताना रोटरच गरगर फिरू लागला, तर दिशा पालटणारी चाकं अडकली समजावं.) काकांनी काही न बोलता झाकण उघडून दाखवलं. आत एकही ओरखडा नव्हता. म्हणाले, "जुनं तेल घट्ट झालेलं, रोटर जड फिरत होता. आता मोकळा झाला. तुम्ही मोकळा कधी ऐकलाच नसेल."

घरी आईपुढे घड्याळ हलवलं. ती सहज म्हणाली, "हा आवाज होता की! ते घड्याळ घालूनच झोपायचे ना. कूस बदलली की ऐकू यायचं. मग कधी बंद झालं, लक्षातच आलं नाही."

म्हणजे माझ्या आठवणीतलं शांत घड्याळ हे तेल सुकलेलं घड्याळ होतं. ते सुकलं होतं, कारण दुरुस्तीला टाकायला बाबांना कधी सवड झाली नाही आणि आम्हाला कधी सुचलं नाही. आणि मी निघालो होतो काकांशी भांडायला!

असो. काल रात्री घड्याळ काढून ठेवत होतो, तर आई म्हणाली, "राहू दे हातात."