अल्बमचं परीक्षण साधन म्हणून कसं वाचायचं?

पनवेलहून सीएसएमटीला हार्बर लोकलने जायला सव्वा तासाहून जास्त वेळ लागतो. स्लीप या अमेरिकन बँडचं 'डोपस्मोकर' हे एकच गाणं साधारण ६३ मिनिटांचं आहे. पनवेलला खिडकी मिळाली आणि प्ले दाबलं, की पार कुर्ला-वडाळ्यापर्यंत तेच गाणं. नव्वदच्या दशकात रेकॉर्ड कंपनीने ते काढायला नकार दिला. मग १९९९ मध्ये वेगळ्या रूपात आणि २००३ मध्ये पूर्ण लांबीचं बाहेर आलं. आज स्टोनर आणि डूम ऐकणारे त्याला मैलाचा दगड मानतात.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पीएचडीच्या प्रपोजलसाठी लिटरेचर रिव्ह्यू लिहिताय, म्हणून आज संगीतातल्या 'रिव्ह्यू'बद्दल लिहितोय. जुनं परीक्षण हाती आलं की आपण पहिला प्रश्न विचारतो: बरोबर होतं की चूक? माझ्या मते इतिहासासाठी हा सगळ्यात कमी उपयोगाचा प्रश्न आहे.

ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकात लेस्टर बँग्जने त्याची पार धुलाई केली. तुलना केली ती क्रीम या बँडशी, आणि त्या मापाने हे पोरगे कमी पडले. आता गंमत बघा: २०१७ मध्ये याच 'रोलिंग स्टोन'ने सर्वोत्तम मेटल अल्बमची यादी काढली, तेव्हा हा अल्बम पाचवा होता आणि पहिला होता सबाथचाच 'पॅरनॉइड'. बँग्जला हसणं सोपं आहे. पण १९७० मध्ये 'डूम' नावाचा खणच नव्हता, मग तो ही रेकॉर्ड ठेवणार कुठे? हाताशी असलेल्या खणात ठेवली, आणि तिथे ती बसली नाही. त्याचं परीक्षण सबाथबद्दल फार सांगत नाही, पण १९७० चा जाणकार कान कशाची अपेक्षा करत होता हे नेमकं सांगतं. 'सबाथ हा पहिला डूम बँड' असं आपण लिहितो ते मागाहून लावलेलं लेबल आहे, हे प्रबंधात लिहिताना विसरू नका.

त्या कानाला नवीन काय होतं? इथे माझं फिजिक्स मध्ये येतंय, सहन करा. गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारा सैल सोडायला लागला. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'मध्ये अनेक गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली आहे. जाड तार एरवी ८२ हर्ट्‌झच्या आसपास वाजते, ती ६९ वर येते. तारेतला ताण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे ताण जवळपास ३० टक्क्यांनी कमी. बोटांना आराम, आणि आवाज जड. पुढे डूम, स्टोनर, स्लज या सगळ्यांनी हा सैलपणा उचलला. स्लजने त्यात हार्डकोर पंकचा खरखरीत राग मिसळला.

आता आपल्याकडे या. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' व्हायचं. १९९३ मध्ये अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' निघालं, म्हणजे इथल्या बँडबद्दल छापून यायला हक्काची जागा झाली. रंगभवनाच्या शेजारी कॉलेज आणि हॉस्पिटलं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी अशा ठिकाणांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र करता येतो, आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. मेटल काय, मोठ्याने गप्पासुद्धा त्यात बसत नाहीत! रंगभवन थंडावलं. बरीच गाणी इंटरनेटवर, त्यातही मायस्पेसवर गेली. आणि २०१९ मध्ये मायस्पेसने कबूल केलं की २००३ ते २०१५ या काळात चढवलेलं संगीत सर्व्हर बदलताना गेलं. पाच कोटींहून जास्त गाणी. ज्यांची दुसरी प्रत नव्हती, त्यांच्याबद्दल आता कुणी कुठे दोन परिच्छेद लिहिले असतील तर तेवढंच साधन.

म्हणूनच ते दोन परिच्छेद कोण लिहितो याला महत्त्व आहे. बंगळूरच्या बेवार सी या स्टोनर-डूम बँडचा पहिला अल्बम २०१२ मध्ये आला. परदेशी परीक्षकाला या नावात समुद्र दिसणार. पण ते मोठ्याने म्हणून बघा: कन्नडमधली 'बेवर्सी' ही शिवी, म्हणजे आपलं 'बेवारशी'. अख्खा विनोद कानावर आहे, स्पेलिंगमध्ये नाही. रिफचं वर्णन कितीही अचूक केलं तरी हे निसटलं, तर त्या बँडचा निम्मा स्वभाव निसटला.

माझीही एक चूक सांगतो. मुंबईच्या डर्ज या डूम-स्लज बँडचा 'आह पुच' हा २०१८ चा अल्बम मी पहिल्यांदा लोकलमध्ये साध्या इअरफोनवर ऐकला आणि वहीत लिहिलं, 'बास कमी, मिक्स पातळ.' नंतर मित्राच्या खोलीत मोठ्या स्पीकरवर लावला, तर टेबलावरचा स्टीलचा ग्लास सरकायला लागला. ६०-७० हर्ट्‌झच्या आसपास गाडीचीच घरघर इतकी असते की बास त्यात बुडून जातो. पातळ होतं ते माझं ऐकणं.

ती नोंद मी खोडली नाही. तिच्या बाजूला तारीख टाकली आणि लिहिलं: 'सकाळची पनवेल लोकल, उभ्याने, इअरफोन.'