पोपटीचं मडकं आणि धुराचा अडीचशे वर्षांचा इतिहास

थंडी पडली की पनवेल, पेण, अलिबागकडच्या शेतांतून रात्री जाळ दिसू लागतात. ओळखलंत ना? पोपटी! आणि मग दवाखान्यात हमखास प्रश्न येतो, "डॉक्टर, भाजलेलं खाल्लं की कॅन्सर होतो म्हणे. पोपटी खायची की नाही?"

उत्तरासाठी थोडं मागे जाऊ.

१७७५ साली लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी एक गोष्ट लिहून ठेवली. लहानपणापासून धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग होत होता. कारण होतं अंगावर साचणारी काजळी. १९१५ साली जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर लावून कर्करोग निर्माण करून दाखवला. १९३३ मध्ये त्या डांबरातला दोषी पदार्थ वेगळा झाला, बेन्झोपायरीन. १९६४ मध्ये तोच पदार्थ कोळशावर भाजलेल्या मांसात सापडला.

तो तिथे येतो कसा? उघड्या निखाऱ्यावर मांस ठेवलं की चरबी वितळून आगीत पडते, जळते आणि तिचा धूर पुन्हा मांसावर बसतो. मांस थेट आचेवर करपलं तर आणखी काही घातक पदार्थ तयार होतात.

आता आपली पोपटी आठवा. भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. त्याच्या शेंगा भरल्या की मडकं निघतं. तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. तोंड पुन्हा पाल्याने बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, पालापाचोळा, गोवऱ्या पेटवायच्या. पाणी नाही, तेल नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलीची वाफ होते आणि त्या वाफेत सगळं शिजतं. चरबी आगीत पडत नाही, जाळ अन्नाला लागत नाही. म्हणून उघड्या जाळीवर भाजलेल्या मांसापेक्षा ही पद्धत बरी. मडक्याला चिकटून काळं झालेलं तेवढं काढून टाका. हिवाळ्यात दोन-चारदा पोपटी खाल्ली म्हणून घाबरू नका.

मात्र तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, जाळात टायर, प्लास्टिक टाकू नका. दमा किंवा सीओपीडी असलेल्यांनी वारा जिकडून येतो त्या बाजूला, जाळापासून लांब बसावं.

दुसरी, कोंबडीचे तुकडे लहान ठेवा. हाडाजवळ गुलाबी दिसलं तर ते खाऊ नका, पुन्हा शिजवा.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. जेवण झाल्यावर थंडी वाजते म्हणून उरलेले निखारे घमेल्यात भरून फार्महाऊसच्या खोलीत, तंबूत किंवा गाडीत नेऊ नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. १८५७ च्या सुमारास फ्रान्सचे क्लोद बर्नार यांनी दाखवलं, की हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची जागा अडवतो. त्याची ही पकड प्राणवायूच्या दोनशेपटीहून जास्त. १८९५ मध्ये जॉन हाल्डेन यांनी तो स्वतः हुंगून लक्षणं नोंदवली. बंद खोलीत माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. धूर दिसत नाही म्हणून निखारा सुरक्षित, असं मुळीच नाही.

एकाच खोलीतल्या अनेकांना एकदम डोकेदुखी, मळमळ, गुंगी जाणवली, तर "जास्त खाल्लं असेल" म्हणून झोपू नका. लगेच सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. बरं वाटलं तरी तपासून घ्या.

तेव्हा पोपटी जरूर लावा. फक्त निखारे शेतातच पाणी ओतून विझवा आणि मगच घरी या.