नौकेच्या उदरातील यंत्र

जहाजात यंत्र बसविण्याचा समारंभ होतो, काढण्याचा मात्र कोणी करीत नाही. नव्या आगबोटीच्या जलावतरणास राजपुरुष येतात, वाद्ये वाजतात, वृत्तपत्रांचे रकाने भरतात. तीच आगबोट पुढे कधी गोदीत आणून तिच्या उदरातील यंत्र सोडवून वर काढतात, त्या दिवसाची नोंद फार तर मालकाच्या हिशेबवहीत सापडते. तथापि नौकेचे आयुष्य किती राहिले, याचा निवाडा पुष्कळदा त्या दुसऱ्या दिवशीच होतो, असे आमचे मत आहे. या मताच्या पुष्ट्यर्थ एका जहाजाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो. जहाज परदेशी आहे. परंतु त्याच्या प्रवासाचा एक धागा आमच्या माळव्यापर्यंत येऊन पोहोचतो.

हे जहाज म्हणजे इंग्लंडातील ब्रिस्टल बंदरी बांधलेले ‘ग्रेट ब्रिटन’. त्याचा शिल्पकार इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल. सांगाडा सर्वस्वी लोखंडाचा आणि लांबी ३२२ फूट, म्हणजे त्या काळच्या कोणत्याही जहाजापेक्षा अधिक. बांधणीस १८३९ साली आरंभ झाला, तेव्हा दोन्ही बाजूंस प्रचंड चाके लावून जहाज चालवावे, अशी योजना होती. त्या चाकांचा दांडा इतका जाड ठरला की, तो घडविण्याजोगा घण कोणत्याही कारखान्यात नव्हता. ही अडचण जेम्स नॅस्मिथ यांच्या कानी गेली आणि त्यातून त्यांनी वाफेच्या घणाची कल्पना कागदावर उतरविली. इतक्यात १८४० साली ‘आर्किमिडीज’ नावाचे मळसूत्री पंख्यावर चालणारे लहान जहाज ब्रिस्टलास आले. ब्रुनेलने त्याची परीक्षा केली आणि चाकांची योजना रद्द करून पंखा स्वीकारला. ज्या दांड्यासाठी घणाची कल्पना निघाली, त्या दांड्याची गरजच उरली नाही. या जहाजातील पहिले यंत्र असे नकाशावरूनच काढले गेले. काढण्याच्या सर्व प्रकारांत स्वस्त तो हाच.

त्या जागी जे यंत्र आले ते अजस्र होते. चार नळकांडी, प्रत्येकाचा व्यास ८८ इंच. एकूण वजन सुमारे ३४० टन. यंत्राचा मुख्य दांडा मिनिटास सुमारे १८ फेरे घेई, आणि जाडजूड साखळ्यांच्या योगाने पंख्यास तिपटीच्या आसपास गती मिळे. येथेच पहिला प्रमाद घडला. जलावतरणापूर्वीच यंत्र आत बसवावे, असे उशिरा ठरले. नव्या यंत्रासाठी जहाजाची रुंदी आधीच वाढली होती. आता त्याच्या भाराने ते पाण्यात अधिक खोल बसू लागले. १९ जुलै १८४३ रोजी प्रिन्स आल्बर्ट यांच्या उपस्थितीत जहाज पाण्यावर आले खरे, परंतु बंदराच्या दरवाजातून ते बाहेर पडेना. दरवाजाचे दगडकाम तात्पुरते काढून डिसेंबर १८४४ मध्ये त्यास वाट करून द्यावी लागली. देवालय पुरे झाल्यावर त्याच्या दारातून न मावणारा रथ आतच बांधावा, तसा हा प्रकार होय.

जुलै १८४५ मध्ये ‘ग्रेट ब्रिटन’ने लिव्हरपूल सोडले आणि सुमारे पंधरा दिवसांत न्यूयॉर्क गाठले. परंतु २२ सप्टेंबर १८४६ च्या रात्री मार्ग चुकून ते आयर्लंडच्या डंड्रम उपसागरातील वाळूत रुतले. जवळजवळ एक वर्ष ते तेथेच लाटांचा मार खात पडून होते. लाकडी जहाज असते, तर त्याच्या फळ्या किनाऱ्यावर वेचाव्या लागल्या असत्या. लोखंडी सांगाडा टिकला. ऑगस्ट १८४७ मध्ये जहाज सुटले, पण मालक कंपनी मात्र बुडाली. जे जहाज उभारण्यास सुमारे १,१७,००० पौंड लागले होते, ते १८५० साली २५,००० पौंडांस विकले गेले.

नव्या मालकांनी तळाची दुरुस्ती हाती घेतली आणि त्याच वेळी मूळ यंत्रही बाहेर काढले. येथे ‘काढणे’ या एका शब्दात किती कामे सामावतात, हे ध्यानी घेतले पाहिजे. वाफेच्या व पाण्याच्या नळ्या सोडवाव्या लागतात. पंख्याचा दांडा यंत्रापासून विलग करावा लागतो. पायाचे खिळे सैल करावे लागतात. यंत्र अखंड निघण्याजोगे नसेल, तर त्याचे अवयव सुटे करून एकेक वर उचलावा लागतो. आणि एवढे करूनही वर वाट नसेल, तर तक्तपोशी फोडण्यावाचून गत्यंतर नसते. ‘ग्रेट ब्रिटन’मध्ये जुन्या यंत्राच्या जागी जॉन पेन यांच्या कारखान्याचे लहान व हलके यंत्र आले, साखळ्यांऐवजी दंतचक्रे आली, बॉयलरही लहान झाले. शिडांवर अधिक भरवसा ठेवावा आणि यंत्र साह्यकारी असावे, हे नवे धोरण होते. यंत्राने सोडलेली जागा मालास मिळाली. १८५२ पासून हे जहाज प्रवासी घेऊन ऑस्ट्रेलियास जाऊ लागले, आणि या दुसऱ्या जन्मात ते पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक काळ चालले.

याच दुसऱ्या जन्मात त्याचा आमच्या इतिहासाशी संबंध आला. १८५७ च्या उठावाची वार्ता विलायतेस पोहोचताच सरकारने फौजा वाहून नेण्यासाठी जी जहाजे भाड्याने घेतली, त्यांत ‘ग्रेट ब्रिटन’ होते. १७ वी लान्सर्स ही घोडेस्वारांची पलटण त्याने त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईस आणून उतरविली. पुढे १८५८ मध्ये माळव्याच्या रानांतून तात्या टोपे यांचा पाठलाग ज्या फौजांनी केला, त्यांत ही पलटण होती. १८ एप्रिल १८५९ रोजी तात्यांना शिवपुरीस फाशी देण्यात आले. एका जहाजाने तो निकाल फिरला असता, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या सत्तेपाशी मोडलेले जहाज दुरुस्त करून पुन्हा समुद्रावर लोटण्याची विद्या होती, तिचा हात किती लांब पोहोचत होता, हे ग्वाल्हेर-इंदूरकडील वाचकांनी या उदाहरणावरून अवश्य पाहावे. तोफांची गणना आमचे इतिहासकार करतात. गोद्यांची आणि कारागिरांची गणनाही व्हावयास हवी.

१८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला, कमी कोळशात अधिक चालणारी यंत्रे निघाली, आणि पेनचे यंत्रही कालबाह्य ठरले. १८८२ साली तेही काढण्यात आले. या वेळी नवे यंत्र आलेच नाही. निव्वळ शिडांवर कोळसा वाहणारे जहाज म्हणून ‘ग्रेट ब्रिटन’ने तिसरा जन्म घेतला. १८८६ मध्ये केप हॉर्नच्या वादळांत जर्जर होऊन ते फॉकलंड बेटांच्या आश्रयास गेले आणि तेथे वखार म्हणून उभे राहिले. १९३७ साली निरुपयोगी ठरवून त्यास एका उथळ खाडीत बुडविले. तरीही सांगाडा टिकला. १९७० साली त्यास तरंगत्या तराफ्यावर चढवून ब्रिस्टलास आणले, आणि १९ जुलै रोजी, म्हणजे जलावतरणानंतर बरोबर १२७ वर्षांनी, ते आपल्या जन्मस्थानाच्या गोदीत परत शिरले. आज तेथे पहिल्या यंत्राची पूर्णाकृती प्रतिकृती प्रेक्षकांस दाखविली जाते.

यंत्रे आली आणि गेली. जहाज तेच राहिले. कायद्याची दृष्टीही हीच आहे. इंग्लंडच्या १८५४ च्या नौकानयन कायद्याने जहाजाचा अधिकृत क्रमांक त्याच्या मुख्य तुळईवर कोरण्यास सांगितले, यंत्रावर नव्हे. मंडप नवा झाला, शिखर नवे झाले, म्हणून देवालय दुसरे होत नाही, हे जीर्णोद्धार पाहिलेल्या आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

आता आमच्या किनाऱ्याकडे वळू. मालिमच्या किंवा कुटबणच्या धक्क्यावर ज्या यांत्रिक बोटी दिसतात, त्यांचे प्रश्न आकाराने लहान, पण जातीने हेच आहेत. अलीकडच्या वर्षांत १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेस सागरपूजन करण्यापूर्वी यंत्राची मोठी दुरुस्ती उरकण्याचा हाच काळ. तेलाची, पाण्याची व धुराची नळी सोडवून, शाफ्टचे कपलिंग विलग करून, साखळीच्या कप्पीने डिझेल यंत्र वर घेतात. बोट बांधताना यंत्रावरची तक्तपोशी निघण्याजोगी ठेवली असेल, तर काम सुकर होते. नसेल, तर यंत्राच्या आधी सुताराचा खर्च उभा राहतो. यंत्र परत बसविल्यावर एक पथ्य पाळावे लागते. यंत्र आणि शाफ्ट एका रेषेत आहेत की नाहीत, याची अखेरची पारख बोट पाण्यावर आल्यावरच करावी. कारण जमिनीवर टेकलेला सांगाडा आणि तरंगणारा सांगाडा यांच्या आकारात सूक्ष्म भेद पडतो, आणि तेवढ्याने शाफ्ट व त्याचे आधार झिजतात.

धंद्याने वकील असल्यामुळे आणखी एक गोष्ट नमूद करणे आम्हांस कर्तव्य वाटते. यंत्र बोटीतून निघून कारागिराच्या ताब्यात गेले की, १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७० लागू होते. विरुद्ध करार नसल्यास, आपल्या श्रमाचे व कौशल्याचे मोल मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क कारागिरास आहे. परंतु हा हक्क त्या दुरुस्तीच्या मोबदल्यापुरताच. मागील वर्षांच्या उधारीसाठी त्याचा आधार घेता येत नाही. शिवाय वस्तू एकदा हातची सोडली की हक्कही सुटतो. दुरुस्तीचा ठराव तोंडी राहिला आणि ऑगस्ट उजाडताना यंत्र अडकले, तर बोट धक्क्यावर राहते, तांडेलाचा व खलाशांचा हंगाम जातो आणि कर्जाचे व्याज मात्र चालू राहते. चार ओळींचा लेखी ठराव, त्यात कामाचे स्वरूप, रक्कम आणि मुदत, एवढ्याने उभय पक्षांचे हित साधते.

ब्रुनेलसारख्या प्रतिभावंतालाही यंत्र केव्हा आत घालावे, याचा हिशेब चुकला आणि सुमारे दीड वर्ष बंदरात काढावे लागले. आमच्या गरीब नाखव्यास एवढा अवकाश नाही. त्याच्यापाशी एकसष्ट दिवस आहेत. म्हणून बोट बांधावयास घेणाऱ्याने सुतारास पहिला प्रश्न विचारावा तो हा की, यंत्र बाहेर कोणत्या वाटेने निघेल. आत कसे जाईल, याची चिंता विकणारा वाहतोच.