वेणास्वामी : मिरजेच्या मठाधिपती

समर्थ रामदासांनी एका स्त्रीच्या हाती मठ सोपविला, याचे कौतुक आपण आवर्जून करतो. ती स्त्री बालविधवा होती, हे मात्र ओझरते सांगून पुढे जातो. वेणाबाईंचे माहेर कोल्हापूरचे, सासर मिरजेचे. लोकापवादाच्या भीतीने घरच्यांनीच त्यांना विष दिले, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी मानावी असा आमचा आग्रह नाही. पण विधवेने कीर्तनाला जाणे केवढे धाडस होते, ते तीतून कळते. त्याच वेणाबाईंना समर्थांनी उभे राहून कीर्तन करण्याची अनुज्ञा दिली आणि मिरजेचा मठ स्वाधीन केला. ‘सीतास्वयंवर’ हे त्यांचे काव्य.

युरोपात चारशे वर्षे आधी असिसीच्या संत क्लेरने असेच घर सोडले होते. आपल्या मठाला कसलीही मालमत्ता नसावी, या तिच्या नियमास पोपची मान्यता मिळाली ती १२५३ साली, मृत्यूच्या दोनच दिवस आधी. परंतु तिचे दारिद्र्य भिंतींच्या आतले होते. रामदासी दारिद्र्य दारोदार हिंडणारे. ‘दासबोधा’च्या चौदाव्या दशकात भिक्षेवर स्वतंत्र समासच आहे.

१६७८ साली वेणास्वामींनी सज्जनगडावर देह ठेवला. त्यांच्या शिष्या बाईयाबाई, आणि बाईयाबाईंचे शिष्य ‘समर्थप्रताप’कर्ते गिरिधरस्वामी. त्यांचा मठ बीडचा. म्हणजे १९४८ पर्यंत आपल्याच हैदराबाद संस्थानातला. समर्थांनंतर त्या मठाच्या गुरुपरंपरेत ओळीने दोन स्त्रियांची नावे येतात.